जुन्या सागवानाचा पुनरुपयोग : तत्सम की तद्भव?

१

शब्द जुना झाला म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नित्य परिचयाचा आहे. काही शब्द लुप्त होतात. काही केवळ ग्रंथांत उरतात. आणि काही झिजून, रूप पालटून, निराळ्या अर्थाने बोलीत नांदत राहतात. घराच्या लाकडाची गती याहून फारशी वेगळी नाही. उतरविलेल्या वाड्याचा एक खांब सरपणात जातो, दुसरा कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेसाठी उभा राहतो आणि तिसरा चिरला जाऊन पलंगाच्या पायांत किंवा जमिनीच्या फळ्यांत उतरतो. या तिन्ही गती डोळ्यांसमोर असूनही त्यांच्यात बरेवाईट ठरविण्याची कसोटी क्वचितच मांडली जाते. जुन्या लाकडाविषयी आज जे बोलले जाते ते बहुधा विक्रेत्याच्या स्तुतीच्या किंवा हळहळीच्या भाषेत. त्या भाषेची चिकित्सा करणे आणि पुनरुपयोगाच्या प्रकारांत तारतम्य लावणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी पुसद हे गाव समोर ठेवणे सोयीचे आहे. पूस नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव सागाच्या रानांच्या प्रदेशात वसलेले आहे. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा हा तालुका वाशीम जिल्ह्यातून काढून, तोवर वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि त्याच वर्षी यवतमाळ हे नाव मिळालेल्या जिल्ह्याला जोडण्यात आला. या भागातील जुनी घरे दगडमातीच्या भिंतींची असली तरी त्यांचा भार लाकडाने वाहिलेला असतो. ढाळज, सपरी, माजघर, माडी ही त्यांची अंगे. वर धाबे किंवा कवेलू. वाटण्या होतात, धाब्याची माती दरवर्षी चोपायला माणूस मिळत नाही, सिमेंटचे घर सुटसुटीत वाटते. आणि एक दिवस लाकूड उतरविले जाते. रानाच्या कुशीतील गावाने आपल्याच जुन्या सागवानाचे काय करावे, हा प्रश्न येथे केवळ अभिरुचीचा राहत नाही.

२

आरंभ नावापासूनच केला पाहिजे. घरात असताना लाकडाला नाव असते. तळखड्यावर उभा तो खांब. खांबाच्या माथ्याशी दोन्ही बाजूंना बाहेर आलेला तो हस्त. खांबाखांबांवरून जाणारी ती तुळई. तुळईवर आडव्या बसतात त्या कड्या. कड्यांवर बारीक फळ्यांची किलचण, आणि तिच्यावर माती. पाखी छपरात आढे आणि वासे. ही नावे लाकडाच्या जातीची नव्हेत, त्याच्या स्थानाची आणि कार्याची आहेत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर ‘सागवान’ हे लाकडाचे प्रातिपदिक आणि ‘तुळई’ हे त्याचे वाक्यातील कारक होय.

या नावांच्या पोटात इतिहास साठलेला आहे. ‘तुळई’चे मूळ संस्कृत ‘तुला’ या शब्दात आहे. तोलण्याचा काटा आणि भार तोलणारे घराचे आडवे लाकूड असे त्या शब्दाचे दोन्ही अर्थ होते. ‘उंबरठा’ या शब्दाचा संबंध उदुंबराशी, म्हणजे उंबराच्या झाडाशी जोडला जातो. उंबरठा पुढे सागाचा झाला, दगडाचा झाला, काही घरांत संगमरवराचा झाला. शब्दाने मात्र झाडाची खूण सोडली नाही. ‘कडी’ या एकाच उच्चारात छताचे आडवे लाकूड आणि लोखंडी वळे असे दोन अर्थ नांदतात, आणि विदर्भातील बंगई टांगताना ते दोन्ही एकत्र येतात: कडीला कडी बसवावी आणि तिला बंगईची साखळी अडकवावी. सागाचे संस्कृत नाव ‘शाक’. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्या आणि आसने यांना प्रशस्त मानलेल्या लाकडांत त्याची गणना आहे. सागाचे घरसामान ही काही अलीकडची आवड नव्हे.

घर मोडले की पहिली गोष्ट जाते ती हे नाव. तुळई गाडीत पडताक्षणी ‘माल’ होते. तिची किंमत घनफुटावर ठरते. आणि ग्राहकापुढे ती पुष्कळदा ‘बर्मा टीक’ या नावाने येते. या शेवटच्या नावाकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले पाहिजे. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांमुळे ब्रह्मदेशाचे सागवान मुंबई बंदरात मोठ्या प्रमाणावर आले, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींतील लाकडाला ते नाव यथार्थपणे लावता येते. पण पुसदला रेल्वे कधी पोचलीच नव्हती. वर्ध्याहून यवतमाळ, पुसदमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे काम एकविसाव्या शतकातले आहे. सभोवार सागाचे रान असताना समुद्रापारचा लठ्ठा बैलगाडीने येथवर आणून कोणी माजघराच्या कड्या केल्या असतील, हे संभवनीय नाही. तरीही जुने, तेलकट, गडद रंगाचे सागवान दिसले की त्याला सरसकट ब्रह्मदेशी ठरविण्याची बाजाराची रीत आहे. उलट २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून सागवान पाठविण्यात आले, तेव्हा त्या लाकडाचे गाव आणि रान यांचा उल्लेख अभिमानाने झाला. नवे लाकूड आपल्या गावाचे नाव सांगते आणि जुने मात्र परक्या नावाने विकले जाते, ही विसंगती केवळ भाषिक नाही. स्थानिक रानाची थोरवी त्या रानाच्याच गावाला अज्ञात राहते, हा तिचा परिणाम आहे.

३

दुसरा शब्द ‘नवजीवन’. जुन्या लाकडाला नवे जीवन मिळते, त्याचा पुनर्जन्म होतो, अशी वाक्ये आज फार ऐकू येतात. रूपक आकर्षक आहे; परंतु आपल्या परंपरेत पुनर्जन्माचे एक मुख्य लक्षण विस्मरण हे आहे. नव्या जन्मात जुन्या जन्माची आठवण राहत नाही. ज्याला राहते तो जातिस्मर, आणि तो अपवाद. बाजारातील ‘पुनर्जन्म’ हा शब्द, बोलणाऱ्याच्या नकळत, या अर्थी तंतोतंत खरा ठरतो: लाकूड राहते आणि त्याची स्मृती जाते. येथे जातिस्मर वस्तू निर्माण करता येईल काय, हाच खरा प्रश्न आहे.

या संदर्भात वास्तुविद्येतील एका निषेधाची आठवण ठेवणे उपयुक्त आहे. एका घरातील लाकूड काढून दुसऱ्या घरात योजू नये, असे काही वास्तुग्रंथ सांगतात. लोकव्यवहाराने हा निषेध सर्वत्र पाळला असे नाही. गरिबाच्या घराला जुनी चौकट आणि जुने वासे यांचाच आधार असतो, आणि धरणाखाली गाव जाते तेव्हा माणसे जमीन सोडतात पण दाराची चौकट गाडीत घालतात. तथापि निषेध सांगणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: लाकडाला पूर्वेतिहास असतो आणि तो नव्या घरातही लाकडाबरोबर येतो. निषेध टाकून देतानाही हे गृहीत टाकून देण्याचे कारण नाही. आजच्या स्तुतीत निषेध गेला आहे आणि त्याबरोबर लाकडाच्या पूर्वेतिहासाविषयीचा आदरही गेला आहे.

४

आता प्रकारांचा विचार करू. पुनरुपयोगाचे तीन प्रकार स्थूलमानाने करता येतील, आणि त्यांना भाषाशास्त्रातील परिचित संज्ञा लावल्यास भेद स्पष्ट होतो.

पहिला प्रकार अवतरणाचा. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उचलून आपल्या ग्रंथात ठेवावे, तसे घर किंवा घराचे एक संपूर्ण अंग उतरवून अन्यत्र उभारले जाते. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे भाग आणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांची केलेली पुनर्रचना हे महाराष्ट्रातील याचे सर्वपरिचित उदाहरण. येथे लाकडांचे परस्परसंबंध टिकतात. खांब खांबच राहतो. या प्रकाराचे मोल निर्विवाद आहे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली आणि नागपूरकर भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाचा राजवाडा १८६४ साली आगीत गेल्यावर काय हानी झाली, हे ज्याला ठाऊक आहे तो अवतरणाची थोरवी नाकारणार नाही. परंतु ही वाट राजवाड्यांची आहे. पुसदच्या एखाद्या गल्लीतील चार खणांच्या घरासाठी संग्रहालयात जागा निघणे अवघड.

दुसरा प्रकार तत्सम. संस्कृत शब्द ध्वनिरूपात फरक न होता मराठीत येतो तेव्हा तो तत्सम. कोरीव हस्त, गणेशपट्टी, खांबाचा माथा, नक्षीची चौकट ही लाकडे अशीच रूप न बदलता नव्या घरात शिरतात. खांब दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा राहतो, पण त्याच्यावर काही नसते. हस्त भिंतीवर येतो, पण काही तोलत नाही. दाराची चौकट आरशाला बसते आणि तिच्यातून कोणी आत येत नाही. रूप अविकृत, कार्य शून्य. सर्व तत्सम वापर त्याज्य आहे असे मात्र नाही. तत्सम शब्दाविना मराठीचे चालत नाही, तसेच ज्या लाकडावर कारागिराच्या हाताची नक्षी आहे ते चिरणे हा अपराधच होईल. दोष आहे तो हाच वापर श्रेष्ठ आणि चिरून केलेला वापर हलका, असे मानण्यात. ही प्रतवारी तपासून घ्यावी लागते.

तिसरा प्रकार तद्भव. स्कंभाचा ‘खांब’ झाला तेव्हा ध्वनी झिजले, पण शब्द घरात आला आणि भार वाहू लागला. तुळई चिरून तिच्या फळ्या होतात, फळ्यांची जमीन होते. कडीचा बाक होतो. जुन्या दाराच्या फळ्यांचे मेज होते. रूप ओळखू येत नाही; पण लाकूड पुन्हा माणसाचा भार सोसू लागते. जिवंत भाषेची प्रकृती तद्भवात प्रकट होते, हे मान्य असलेल्या अभ्यासकाने लाकडाच्या बाबतीत उलट न्याय लावणे सयुक्तिक नाही. भिंतीवरच्या निरुद्योगी हस्तापेक्षा रोज पाय पडणारी फळी घराशी अधिक प्रामाणिक असते, असे म्हणणे भाग आहे.

५

तद्भव वापर सोपा मात्र नाही. त्याचे तंत्र समजून घेतल्याशिवाय त्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही कळत नाहीत. १२ फूट लांब आणि ९ इंच चौरस छेदाची एक तुळई घेतली तर तिचे घनफळ ६.७५ घनफूट भरते. करवतीच्या प्रत्येक कापात अष्टमांश इंच लाकूड भुश्यात जाते असे धरले, तर तिच्यातून एक इंच जाडीच्या ८ फळ्या निघतात; प्रत्येक फळी ९ चौरस फुटांची, म्हणजे एकूण ७२ चौरस फूट. रंधा मारल्यावर जाडी पाऊण इंचाच्या आसपास राहते. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीला १२० चौरस फूट लागतात. खाचांची, भेगांची, वाळवीने धरलेल्या कडांची तूट धरता, एका खोलीच्या जमिनीत दुसऱ्या घराच्या दोन तुळया संपतात. हा हिशेब पुढे ठेवला म्हणजे लाकडी जमिनीच्या मागणीचा अर्थ ध्यानात येतो.

चिरण्यापूर्वी जुन्या लाकडातील खिळे शोधावे लागतात. माथा तुटून आत राहिलेला खिळा आरागिरणीच्या पात्याचे दात घालवतो. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, परंतु सालीलगतचे फिके लाकूड तितके टिकाऊ नसते. ते काढून टाकावे लागते. साग कमी हलणारे लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे. तरी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते त्रिज्येच्या दिशेने सुमारे अडीच टक्के आणि परिघाच्या दिशेने ५ ते ६ टक्के आखडते. शंभर वर्षांच्या तुळईत हे आखडणे बहुतांशी पूर्वीच होऊन गेलेले असते, हा जुन्या लाकडाचा खरा गुण. तथापि नव्याने चिरलेली फळी हवेशी पुन्हा जुळवून घेते. वैशाखातील कोरड्या उष्म्याने आणि श्रावणातील दमट हवेने तिच्यात फरक पडतो. म्हणून चिरल्यावर फळ्या काही काळ ठेवून द्याव्या लागतात आणि जमीन बसविताना भिंतीलगत फट सोडावी लागते. कुसू जेथे बसत होते ती खाच, वाकसाने तासल्याच्या खुणा, खिळ्याभोवतीचा काळा डाग हे सारे रंध्याखाली जाते किंवा राहते. किती जाऊ द्यायचे हा निर्णय वाढयाचा असतो, आणि तो संपादकाने पाठ निवडण्याइतकाच जबाबदारीचा असतो.

येथे अर्थांतराचा एक नियम साहाय्यास येतो. शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा जुन्या आणि नव्या अर्थांत सामीप्य असेल तर बदल सुगम राहतो. लाकडाच्या बाबतीतही खांबाचे पलंगाचे पाय व्हावेत, तुळईचा बाक व्हावा, किलचणीचे फडताळ व्हावे; यात वाहणे, तोलणे, धरणे हे मूळचे कार्य चालू राहते. याउलट उंबरठा पायाखालच्या फळ्यांत चिरला जाणे विपरीत आहे, कारण ज्या लाकडावर हळदकुंकू वाहिले आणि जे ओलांडताना पाय देऊ नये असे मुलांना सांगितले, त्याचा अर्थच त्या वापराने उलटा होतो. छताच्या लाकडाची जमीन करताना डोक्यावरचे पायाखाली येते, याचाही विचार व्हावा. जुन्या वाड्यात फळ्यांची जमीन माडीवर असे आणि तीही मातीने झाकलेली. तळमजल्याची भुई शेणाने सारवलेली. तळमजल्यावर उघडी लाकडी जमीन ही नवी कल्पना आहे, आणि तिला ‘वुडन फ्लोअरिंग’ हे परभाषेतील नाव चिकटले ते त्यामुळेच. नवी कल्पना म्हणून ती वर्ज्य नाही. परंतु तिला ‘परंपरा’ म्हणून विकणे अयथार्थ आहे.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. जुन्या लाकडाला चढा भाव आला की उभे घर मोडण्याचा मोह वाढतो. दुरुस्त होऊ शकले असते असे घर केवळ त्याच्या तुळयांसाठी उतरविले जाते. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ ही म्हण मराठीने कृतघ्नतेसाठी योजली; लाकडाच्या बाजारात तिचा वाच्यार्थ खरा होतो. वाटणीला बसलेले भाऊ वासे मोजतात, घेणारा घनफूट मोजतो, आणि ज्या घराची किंमत उभे असताना कोणी करीत नव्हते त्याची किंमत आडवे झाल्यावर ठरते. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ असेही मराठी म्हणते. येथे वासे फिरल्यामुळे घर फिरते.

आक्षेप खरा आहे. म्हणूनच पुनरुपयोगाचे समर्थन बिनशर्त करता येत नाही. ज्या घराचे छप्पर अजून भार धरते आहे, त्याचे लाकूड जंगल वाचविण्याच्या नावाखाली काढणे हा पुनरुपयोग नव्हे. ‘पाडणे’ आणि ‘उतरविणे’ ही दोन क्रियापदे मराठीत वेगळी आहेत. भिंत पाडतात, छप्पर उतरवितात. ज्याचे उतरविणे अटळ झाले आहे त्याच लाकडाला दुसऱ्या वापराचा अधिकार आहे, आणि ते पाडून नव्हे, उतरवूनच मिळविले पाहिजे. यंत्राने ढकललेल्या घराच्या तुळया कुसवांशी मोडतात. उतरविलेल्या घराचे सांधे उकलतात, मोडत नाहीत. भाषेने केलेला हा भेद कामातही पाळला तर निम्मे लाकूड सरपणातून वाचेल, असे म्हणण्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

७

उरतो प्रश्न स्मृतीचा. तद्भव शब्दाचे मूळ रूप बोलणाऱ्याला ठाऊक नसते, तरी ते हरवलेले नसते. व्युत्पत्तिकोशात ते मिळते. लाकडाला असा कोश नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ पासून) सुतारकामाचे शब्द भेटतात, त्यांचे अर्थही भेटतात, परंतु घराच्या उभ्या छेदात त्या शब्दाचे स्थान कोठे, हे अर्थावरून ताडावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात सुताराचे बलुतेदार म्हणून स्थान कळते. त्याच्या तोंडची परिभाषा समग्रपणे कळत नाही. ती परिभाषा घराबरोबर उतरते आहे.

अन्य समाजांनी लाकडाबरोबर त्याचे नाव जपल्याची उदाहरणे आहेत, आणि ती येथे मार्गदर्शक ठरतील. जपानातील इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने उभारतात. यापूर्वीची उभारणी २०१३ साली झाली. उतरलेले लाकूड टाकून दिले जात नाही. आढे तोलणाऱ्या मोठ्या खांबांची उजी पुलाच्या टोकांशी द्वारे होतात, आणि वीस वर्षांनी ती द्वारेही उतरवून जुन्या यात्रामार्गावर अन्यत्र उभारली जातात. रूप दोनदा बदलते. पण हा खांब कोठून आला हे सांगता येते. दुसरे उदाहरण मुंबईचेच आहे. मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेले ‘गँजेस’ हे ब्रिटिश आरमाराचे जहाज १८२१ साली पाण्यात सोडले गेले आणि १९३० साली मोडले गेले. त्यातील कप्तानाची खोली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बर्ग बेटावरच्या हॉटेलात बसविण्यात आली, आणि जहाजाचे नाव तिच्याशी जोडलेले राहिले. आपल्याकडच्या सागवानाला परदेशात जी ओळख मिळाली ती पुसदच्या तुळईला पुसदमध्येच मिळू नये, याला काही कारण दिसत नाही.

रानातून निघालेल्या लठ्ठ्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, आगारात त्याची नोंद असते आणि वाटेत त्याला परवाना लागतो. घरातून निघालेल्या तुळईला ठसा नसतो. तो ठसा आता शब्दांचा असला पाहिजे. घर उतरण्यापूर्वी त्याचा एक उभा छेद काढावा. प्रत्येक लाकडाला वाढई जे नाव देतो ते त्याच्याच उच्चारात टिपावे. लांबी, रुंदी, जाडी आणि सांध्याचा प्रकार लिहावा. आणि नव्या मेजाच्या किंवा पलंगाच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, ‘सपरीची तुळई, अमुक गल्ली, पुसद, उतरविली अमुक साली’ एवढा मजकूर कोरावा. यासाठी संग्रहालय लागत नाही, अनुदानही लागत नाही. बोलीचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका उन्हाळ्याचे हे काम आहे. त्यातून लाकडाला वंशावळ मिळेल आणि बोलीच्या अभ्यासाला, ज्यांचे वाच्य अजून हाताला लागते असे शब्द मिळतील. दहा वर्षांनी शब्द विचारायला गेल्यास दाखवायला वस्तू नसेल.

तात्पर्य, जुन्या सागवानाच्या पुनरुपयोगात लाकूड तद्भव व्हावे आणि नोंद तत्सम राहावी. रूप बदलण्यास भिण्याचे कारण नाही. ते बदलल्याशिवाय लाकूड पुन्हा कामाला येत नाही. भिण्यासारखे आहे ते नाव बदलणे. पुसदच्या रानातील सागाला पुसदच्याच घरात परक्या नावाने ओळखले जाणे, ही हानी करवतीने झालेली नाही आणि रंध्याने ती भरून निघणार नाही. ती भाषेत झाली आहे आणि भाषेतच भरून काढावी लागेल.